बिनमैद्याचा चॉकलेट केक : लातूरच्या ओट्यावरच्या नोंदी

२ जानेवारी २०२६

ऑर्डर आली. ओळखीतल्या निवृत्त गुरुजींचा पंच्याहत्तरावा वाढदिवस. त्यांच्या मुलीचा पुण्याहून फोन. वाढदिवस २९ जानेवारीला येतो, पण त्या दिवशी एकादशी आणि घर माळकरी. त्यामुळं कार्यक्रम रविवारी, १ फेब्रुवारीला, इथंच लातूरच्या घरी. पन्नासेक माणसं. अटी अशा: मैदा नको, अंडं नको, गोड बेताचं. शेवटची अट सगळ्यांत अवघड. "ताई, पण केकच वाटला पाहिजे हं. मागं कुणीतरी नाचणीचा आणला होता, घशाखाली उतरेना."

बोलता बोलता ती 'शुगर फ्री' म्हणाली, ते मी तिथंच थांबवलं. पाकिटावर शुगर फ्री लिहायचं तर १०० ग्रॅम मालात साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर चालत नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, नियम आहे. गुळाचा केक त्यात जन्मात बसायचा नाही. गूळ म्हणजे बव्हंशी साखरच; बाकी थोडी खनिजं, रंग आणि चव. पेठेत 'गुळाचा केक, डायबेटिसला चालतो' अशा पाट्या दिसतात तेव्हा मला त्या लावणाऱ्यांचं धाडस कळत नाही. गुरुजींची साखर 'बॉर्डरवर' आहे म्हणे. किती खायचा ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, असं सांगितलं.

इथं पिकतं किंवा सहज मिळतं तेच वापरायचं: ज्वारी, गहू, गूळ, करडईचं तेल, जवस, ताक. कोको तेवढा परगावचा. बदामाचं पीठ आणि ओट्स यांच्या वाटेला जायचं नाही. महाग पडतं, आणि गुरुजींच्या घरात ते कुणाच्या ओळखीचंही नाही.

४ जानेवारी

ज्वारी औशाकडच्या शेतातली, मागच्या रब्बीची मालदांडी. नवी अजून रानात हुरड्यावर आहे, घरात यायला फेब्रुवारी-मार्च उजाडेल. दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा, चावला तर गोडसर. खरिपाची हायब्रीड स्वस्त पडली असती, पण तिची भाकरीच घरात कुणाला आवडत नाही, तर केक कोण खाणार? गहू घरचाच. गूळ गंजगोलाईच्या बाजारातून आणला, मुद्दाम काळपट बघून. पिवळाधमक गूळ बऱ्याचदा रसायन घालून उजळवलेला असतो, आणि चॉकलेटच्या केकात उजळ रंगाचा उपयोग तरी काय.

गिरणीत माझ्या आधी कुणाची तरी हरभऱ्याची डाळ होती. दगडात अडकलेलं बेसन निघून जावं म्हणून पहिली पावशेर ज्वारी वेगळी काढून घेतली, ती भाकरीला. नाहीतर चॉकलेटच्या वासातून हलकेच पिठल्याचा वास येतो. काकांना म्हटलं, नेहमीपेक्षा बारीक काढा. "इतकं बारीक कामून?" केकला म्हटल्यावर त्यांनी चक्की बंद करून माझ्याकडं पाहिलं.

पीठ चिमटीत घेऊन चोळलं. रव्यासारखं जराही लागलं नाही पाहिजे. ज्वारीचा खर केकात शिजूनही दाताखाली येतो.

५ जानेवारी

नुसत्या ज्वारीचा लहान केक, सात इंची डब्याच्या निम्म्या मापानं. साखरेच्या जागी गूळ, अंड्याच्या जागी जवस. बाकी सगळं नेहमीच्या रेसिपीसारखं.

फुगला बरा. गरम असताना चवही चांगली. गार झाल्यावर सुरी लावली की भुसभुशीत, आणि संध्याकाळपर्यंत चमच्यानं खायची वेळ. ज्वारीत ग्लुटेन नाही. गव्हाच्या पिठात पाण्याबरोबर जी चिवट जाळी तयार होते ती इथं होतच नाही. सोड्याचे बुडबुडे धरून ठेवायला कुणी नाही, आणि गार होताना स्टार्च घट्ट होऊन पाणी सोडतो, म्हणून कोरडेपणा. निव्वळ ज्वारीचा आग्रह सोडला. ग्लुटेन चालत नाही असं गिऱ्हाईक आलं तर वेगळा विचार.

७ जानेवारी

ज्वारी निम्मी, कणीक निम्मी.

कालपर्यंत मला वाटत होतं की कणकेनं प्रश्न सुटेल. अर्धा सुटला. तुकडा धरून राहतो, पण तोंडात कोरडा आणि जड. कोंड्याचे बारीक तुकडे ग्लुटेनची जाळी कापतात आणि पाणी सावकाश पितात. मैद्याचं मिश्रण कालवलं की लगेच भट्टीत घालावं लागतं. कणकेला उलट थांबण्याची गरज असते. चक्कीवर दळताना स्टार्चचे दाणेही फुटतात, त्यामुळं आपली कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी मागते.

कणीक चाळली, चाळणीवर राहिलेला कोंडा फेकला नाही. तो ताकात अर्धा तास भिजवून परत मिश्रणात. कोंडा काढून टाकायचा तर मैदाच का नको, असा सरळ हिशोब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम मैद्यात तंतू पावणेतीन ग्रॅमच्या आसपास आहेत, कणकेत सव्वाअकरा, ज्वारीत दहा. दोनशे ग्रॅम पिठाच्या केकात साडेपाच ग्रॅम तंतू की एकवीस, हा या सगळ्या उठाठेवीचा खरा फायदा. गुळाचा नाही.

९ जानेवारी

आजची नोंद सविस्तर, कारण कामाला वळण इथं लागलं.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, दुपारी ओट्याशी आल्या. मी ज्वारीचं पीठ कोरडंच वजन करून भांड्यात ओतत होते.

"कोरडंच टाकायलीस व्हय?"

"केकला असंच घालतात, आत्याबाई."

"गव्हाला घालत असतील. ज्वारीला आधी आधण दाखव की. भाकरी कधी गार पाण्यात मळलीस का तू?"

खरं तर ताज्या दळणाची भाकरी त्या गार पाण्यातही मळतात. पण पीठ जरा जुनं झालं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली, की उकळतं पाणी ओतून उकड काढतात आणि मग परातीत तळव्यानं रगडतात. तेव्हाच ती थापताना चिरत नाही. त्यांनी माझ्या भांड्यातलं मूठभर पीठ वाटीत घेतलं, किटलीतलं पाणी ओतलं, उलथन्याच्या दांड्यानं ढवळलं, झाकून ठेवलं. पाच मिनिटांनी बोटांच्या चिमटीत धरून ओढून दाखवलं. मघाचं सुटं पीठ आता लांबलं, तुटायच्या आधी पाऊण इंचभर तार आली.

यामागचं कारण सोपं आहे. ज्वारीच्या स्टार्चला फुलायला साधारण सत्तर अंशांच्या पुढचं तापमान लागतं. भट्टीत केकच्या मध्यापर्यंत ते पोचेस्तोवर गव्हाचा भाग जवळजवळ बसलेला असतो, आणि पाण्यासाठी दोघांची ओढाताण. उकडीत स्टार्च आधीच फुलतो, पाणी पोटात धरतो, आणि चिकटपणा देतो. ग्लुटेनची जागा पूर्ण घेत नाही, पण बुडबुड्यांना आधार मिळतो आणि दुसऱ्या दिवशी केक वाळत नाही. इंग्रजी पुस्तकांतल्या केकच्या कृती मैदा धरून बेतलेल्या असतात. त्यात मैदा काढून ज्वारी ठेवायची आणि बाकी हात तेच, हे चालायचं नाही. ज्वारीला ज्वारीच्या रीतीनं घ्यावं लागतं.

१० जानेवारी

उकडीचं प्रमाण. सगळ्या ज्वारीची उकड काढली तर केक आतून गिचका होतो, सुरीला चिकटतो, खीचड्यासारखा लागतो. एक चतुर्थांशाची काढली तर फरक जाणवत नाही. शंभर ग्रॅममधल्या साठ ग्रॅमची उकड आणि चाळीस कोरडं, इथं जमलं. साठ ग्रॅम पिठाला १२० ग्रॅम खळखळतं पाणी. 'गरम' नव्हे, खळखळतं. थर्मासमधलं पाणी ओतून बघितलं, तार आली नाही.

उकड कोमट झाल्यावर ताक थोडं थोडं घालून रवीनं घुसळायची. एकदम ताक ओतलं की गुठळ्या, आणि त्या गुठळ्या केकात पांढऱ्या डोळ्यांसारख्या दिसतात. मिक्सरच्या लहान भांड्यात दहा सेकंद फिरवलं तर काम झटपट होतं, पण मग ते भांडं घासत बसा.

उकड, ताक आणि भिजलेला कोंडा एकत्र करून अर्धा तास ठेवायचं. सोडा अजिबात नाही, तो शेवटी.

वेळ अमावस्येला आंबील करताना आपण ज्वारीचं पीठ आणि ताकच एकत्र आणतो की. रात्रभर आंबवून बघण्याचा मोह झाला. करूनही बघितलं. चव आंबूस, चॉकलेटशी भांडणारी. आंबील मातीच्या भांड्यात, शेतातच बरी.

१३ जानेवारी

भोगी. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, भोगीची भाजी. केकला सुट्टी.

१४ जानेवारी

संक्रांत आणि षट्‌तिला एकादशी एकाच दिवशी, त्यामुळं घरात भगर आणि शेंगदाण्याची आमटी. धान्य हाताळायचं नाही, म्हणून कोकोची पाकिटं वाचत बसले.

कोको दोन जातींचा असतो आणि दुकानदार दोन्हींना 'कोको पावडर'च म्हणतो. एक साधा, आंबटसर, फिक्या तपकिरी रंगाचा. दुसरा अल्कली लावलेला, गडद, मऊ चवीचा, ज्याला डच कोको म्हणतात. ही रीत नेदरलँडच्या व्हॅन हाउटन यांची, एकोणिसाव्या शतकातली. पाकिटाच्या मागं घटकांमध्ये 'ॲसिडिटी रेग्युलेटर ५०१' किंवा ५०० असं दिसलं की तो अल्कलीवाला समजायचा. फरक रंगापुरता नाही. साध्या कोकोतलं आम्ल खाण्याच्या सोड्याशी मिळून केक फुगवायला मदत करतं. डच कोकोत ते आम्लच मारलेलं असतं. डच कोको घालून भरवसा नुसत्या सोड्यावर टाकला तर केक बसतो आणि साबणासारखी चव राहते ती वेगळी.

माझ्याकडं दोन्ही निघाले. गडद रंग हवा म्हणून डच वापरते. आम्ल ताकातून येईल आणि थोडं गुळातून.

१६ जानेवारी

ताक आंबट कसं करायचं हाच आज प्रश्न. थंडीत दही लागायलाच रात्र जाते आणि लागलं तरी गोडच राहतं. गोड ताकानं सोडा अर्धवट राहतो. कालचं दही ओव्हनच्या बंद पेटीत, आतला दिवा लावून, सहा तास ठेवलं. जीभ किंचित आकसेल इतकं आंबट झालं. मेमध्ये हीच अडचण उलटी होईल, बेचाळीस अंशांत दुपारपर्यंत दही वाया जाईल. म्हणून वहीत 'आंबट ताक' एवढंच लिहून भागणार नाही.

सोडा अर्धा चमचा, बेकिंग पावडर एक चमचा, सपाट, बोटानं वरून कापून. सोडा पाऊण चमचा केला तेव्हा रंग छान काळा आला, चव मात्र घशात अडकली.

कोकोवर उकळतं गुळाचं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवायचं. कोरडा कोको पिठात मिसळला तर त्याचा वास निम्मा आतच राहतो. चिमूटभर इन्स्टंट कॉफी. कॉफीची चव लागत नाही, कोको ठळक होतो.

१७ जानेवारी

गूळ. किसून, साठ ग्रॅम पाण्यात विरघळवून, वस्त्रगाळ. तळाला काय काय राहतं ते गिऱ्हाइकाला दाखवू नये. प्रमाण १८० ग्रॅमवरून १५० वर आणलं. १३० वर चव फिकी आणि केकही कोरडा. गोडी हा गुळाचा एक धंदा, ओलावा धरणं हा दुसरा. कमी करताना दोन्ही कमी होतात.

जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस: वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत, जमलं तर पाच टक्क्यांच्या आत. दोन हजार कॅलरी धरल्या तर पन्नास ग्रॅम आणि पंचवीस. या हिशोबात गूळही येतो, मधही येतो. १५० ग्रॅमच्या केकचे बारा तुकडे केले तर तुकड्यात साडेबारा ग्रॅम गूळ. म्हणजे एका तुकड्यात कडक मर्यादेचा निम्मा कोटा संपतो. माझ्या नेहमीच्या मैद्याच्या केकात याच मापाला २२० ग्रॅम साखर, वर क्रीमचे थर. फरक मोठा आहे, पण हा केक म्हणजे काही औषध नाही. मुलीला हेच आकडे पाठवले. तिनं अंगठा पाठवला.

तेल: करडईचं घाण्याचं. त्याचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना कळतो. शेंगदाण्याचं तेल त्याहून ठळक, चॉकलेटवर बसतं. रिफाइंड करडई ७५ ग्रॅम हा मधला मार्ग. लोणी घातलं असतं तर चव जास्त आली असती, यात वाद नाही.

२० जानेवारी

काल दुपारी केलेला केक ४२ मिनिटांत झाला. आज संध्याकाळी तोच केक, तेच माप, तोच डबा. तासाला पाच मिनिटं कमी असतानाही मधे ओला. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर आकडा १९० दाखवत होता. तापणारी तार व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता देते, त्यामुळं २३० च्या जागी १९० आलं की उष्णता दोन तृतीयांशच उरते, साधारण ६८ टक्के. बटणावर १७० लिहिलंय म्हणून आत १७० असेलच असं नाही. आत तापमापी टांगली, १४० च्या पुढं जाईना. सावकाश भाजलेला केक आधी वाळतो आणि मग शिजतो.

म्हणून ऑर्डरचं भाजणं सकाळी आठच्या आत किंवा दुपारी. संध्याकाळी नाही.

काडी घालून बघणं या केकात फसवं आहे. उकडीचा चिकटपणा काडीला लागतोच, आणि आपण उगाच दहा मिनिटं वाढवतो. मधे तापमापीचा दांडा घालून ९६-९७ अंश आले की बाहेर.

गार झाल्याशिवाय कापायचा नाही. मैद्याचा कोमट चालतो, हा नाही. रात्रभर झाकून ठेवला तर सकाळी तुकडा गुळगुळीत कापला जातो आणि चवही मुरते. ऑर्डरवाल्याला आदल्या दिवशी भाजलेला दिला तर शिळा दिला असं वाटेल. इथं तोच चांगला, हे आधी सांगून ठेवावं लागेल.

२५ जानेवारी

औशाकडं हुरड्याला गेलो. डबा भरून केक नेला. शेकोटीच्या आगटीतून निघालेली कणसं हातावर चोळून खाताना केकची कुणाला आठवण राहील असं वाटलं नव्हतं. पण चहाच्या वेळी डबा उघडला आणि मग खरी मतं निघाली. लहान पोरांनी विचारलं, क्रीम कुठाय? चुलतसासरे म्हणाले, "बरा हाय की, पण गूळ जास्त झालाय." त्यांच्या मुलीला नेमका तोच कमी वाटला. जाऊबाईंनी दोन तुकडे खाल्ले आणि ज्वारी कुठं आहे ते विचारलं. कणीक म्हणून सगळ्यांनी ओळखली, ज्वारी कुणीच नाही. आत्याबाईंनी तोंडातल्या तोंडात "उकड" एवढंच म्हटलं.

पोरांचा मुद्दा रास्त आहे. पंच्याहत्तरीच्या कार्यक्रमात काळा उघडा केक ठेवला तर फोटोत काहीच दिसणार नाही.

२६ जानेवारी

वरचा थर. बाजारातलं नॉन-डेअरी क्रीम नको. ते पाम तेलाची चरबी आणि साखर. ट्रान्स फॅटवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली, म्हणून पूर्वीइतकं वाईट नाही, पण बिनमैद्याच्या केकवर ते थापून काय मिळवलं? कुंथलगिरीचा खवा चॉकलेटमध्ये शिजवून लावावा असं एकदा मनात आलं. तो केक न राहता पेढा होईल.

५५ टक्के डार्क चॉकलेट; कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरी चरबी घातलेलं, नव्हे. दोनशे ग्रॅमला तेवढीच ताजी साय, पाच केकना मिळून. चमच्याच्या पाठीनं पातळ. यानं तुकड्यामागं साखर दीड ग्रॅमच्या आसपास वाढते. वर संक्रांतीचे उरलेले भाजलेले तीळ, काठानं. गूळ आणि गरम दूध एकत्र आले की दूध फाटतं, म्हणून सायीत गूळ घालायच्या भानगडीत पडले नाही.

२८ जानेवारी

पन्नास माणसांना एक मोठा बारा इंची केक करायचा नाही. या पिठाचा मोठा केक कडेनं वाळतो तोवर मध्य कच्चा. सात इंचाचे पाच डबे. एक समोर कापायला, चार आत स्वयंपाकघरात कापून ताटात.

माझ्या ओव्हनमध्ये एका वेळी दोनच बसतात. सोडा ताकाला भेटला की फुगण्याचं काम लगेच सुरू होतं, वाट बघत बसत नाही. म्हणून पाचही केकचं ओलं आणि कोरडं आधीच वेगवेगळं तोलून ठेवायचं, ओव्हन रिकामा झाला की तेवढेच दोन कालवायचे. कालवताना तीस-चाळीस वळसे पुरे, कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत.

३१ जानेवारी

पहाटे सहाला उकड. आत्याबाई स्वतः बसल्या, मला पाणी ओतू दिलं नाही. साडेदहापर्यंत पाचही भाजून झाले. एकाच्या कडेला भेग पडली, तो आत कापायला. संध्याकाळी चॉकलेट लावलं, तीळ लावले.

१ फेब्रुवारी

पोचवला. घरात आधी औक्षण, पंच्याहत्तर दिव्यांचं, मग केक. गुरुजींनी पातळ तुकडा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा नातवाला दिला. मला बोलावून विचारलं, "यात ज्वारी किती टक्के?" पिठाच्या निम्मी, म्हटल्यावर, "मग पिठाच्या निम्मी असं म्हण, केकच्या निम्मी म्हणू नको." शिक्षक कायमचेच शिक्षक. आतली चार ताटं संपली.

३ फेब्रुवारी

एक तुकडा मुद्दाम घरी राखून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी मध्य अजून मऊ, कडा कोरड्या पडायला लागलेल्या. लेबलवर 'दोन दिवस' लिहायचं. फ्रिजमध्ये ठेवू नये, तिथं स्टार्च लवकर कडक होतो. ठेवलाच तर खाण्याआधी तासभर बाहेर.

पक्कं माप, सात इंची एका डब्याला: ज्वारी १०० ग्रॅम, त्यातल्या साठची १२० ग्रॅम खळखळत्या पाण्यात उकड. कणीक १००, कोंडा ताकात भिजवून. आंबट ताक १५०. गूळ १५०, साठ ग्रॅम पाण्यात, गाळून; त्यात कोको ३० आणि कॉफी. तेल ७५. जवसाची पूड १०, याच ताकात आधी फुगवलेली. बेकिंग पावडर एक चमचा, सोडा अर्धा, मीठ चिमूटभर. १७० अंश, चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं, आतली तापमापी बघून.

पुढची ऑर्डर डोहाळजेवणाची, तिथं अंडं चालतं. जवस काढून दोन अंडी आणि त्या वजनाचं ताक कमी. पण ताकाबरोबर आम्लही कमी होईल, म्हणून सोडा पाव चमचा करून आधी एक लहान केक भाजून बघायचा. दळण उद्याच टाकायला हवं, आणि काकांना सांगायला हवं की हरभऱ्याच्या आधी घ्या.